लेडीज बाल्कनीच्या दाराची कडी

मी बोलतेय आणि नात टाइप करतेय. माझं वय सत्त्याऐंशी. तुमच्या ग्रुपवरचे अनुभव ती मला रोज दुपारी वाचून दाखवते. आत्तापर्यंत मी ऐकून सोडून देत होते. भूतबाधा, चकवा, पांढऱ्या साडीतली बाई... ह्यावर माझा विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर अजूनही नाही. मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले. आमच्या आबांनी घरातले देव एका रविवारी पिशवीत भरले आणि दादरच्या समुद्रात सोडून आले. दीक्षा त्यांनी त्यानंतर घेतली, पण देव आधीच गेले होते. आये रडली, तर तिला म्हणाले, "जे दिसत नाही त्याला भिऊन आपल्या सात पिढ्या गेल्या. आता बास." त्या घरातली मी पोर. अमावास्येला केस मोकळे सोडून नळावर जाणारी.

म्हणूनच पुढचं सगळं मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा अर्धंच सांगितलं होतं.

लालबाग-परळच्या मध्ये एक थिएटर होतं. नाव सांगत नाही, आता तिथे टॉवर उभा आहे. आधी तिथे नाटकं व्हायची, मग सिनेमा आला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी एकोणीस-वीस वर्षांची. सातवी पास झालेली, आणि आबांची गिरणी कधी चालू तर कधी बंद. चाळीतल्या एकांनी शब्द टाकला म्हणून त्या थिएटरात मला नोकरी लागली... लेडीज बाल्कनीची डोअरकीपर. बायकांच्या बाजूला बाईच हवी म्हणून. हातात टॉर्च, अंगावर पांढरी साडी. तिकीट फाडायचं, जागेवर नेऊन बसवायचं, आणि कुणाचं पोर रडलं की त्याला बाहेर फिरवून आणायचं.

दर बुधवारी दुपारी बायकांचा खास खेळ असायचा. हॉलमध्ये एकही पुरुष नाही. खालचा मजला त्या दिवशी बंद ठेवायचे, बायका सगळ्या वर बाल्कनीत. लालबाग, काळाचौकी, नायगाव, सगळीकडच्या यायच्या. निम्म्या तर मला नावाने हाक मारायच्या. "इंदू, पंख्याखाली जागा दे गं!" तर अशी माझी त्यांची ओळख. ही ओळख पुढे महत्त्वाची आहे, लक्षात ठेवा.

त्या बाल्कनीला बाजूने एक दार होतं. दाराबाहेर दगडी जिना, अरुंद आणि उभा, सरळ मागच्या गल्लीत उतरणारा. खाली लोखंडी गेट. खेळ चालू असताना दार नुसतं लोटलेलं ठेवायचं, आतून कडी लावायची नाही, असा नियम होता. आणि ते दार सांभाळणारी मी.

एका बुधवारी पडद्यावर सगळं धूसर दिसायला लागलं. हिरॉइनला नाक नाही न डोळे नाहीत. बायका ओरडायला लागल्या. मी धावत मशीनच्या कॅबिनमध्ये गेले. आमचे ऑपरेटर पास्कलकाका, गिरगावातल्या एका वाडीत राहणारे, वीस-बावीस वर्षं मशीन चालवणारे... लेन्सच्या स्क्रूवर हात ठेवून नुसतेच उभे होते.

"काका, फोकस गेलाय," मी म्हटलं.

"कुठल्या बाजूला फिरवू?" त्यांनी विचारलं.

मला कळेना. पडदा तर समोरच्या झरोक्यातून दिसत होता. मग लक्षात आलं, त्यांना तो दिसतच नव्हता. मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या जाळाकडे बघून बघून डोळे गेले होते. उजेड-अंधार कळायचा, पडद्यावरचं चित्र म्हणजे "पाणी हलल्यासारखं" दिसायचं. मॅनेजरला कळलं तर त्याच दिवशी घरी बसवतील, म्हणून कुणालाच बोलले नव्हते.

मी सांगत गेले, "थोडं उजवीकडे... अजून... बस." चित्र स्वच्छ झालं. झरोक्यातून दिसलं, बाल्कनीत बायका टाळ्या वाजवत होत्या.

त्या दिवसापासून मी त्यांचे डोळे झाले. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर गोल ठिपका येतो. पहिल्या ठिपक्याला पुढचं रीळ चढवलेलं शेजारचं दुसरं मशीन चालू करायचं, दुसऱ्याला उजेड तिकडे फिरवायचा. प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. मी "एक" म्हणायची, "दोन" म्हणायची आणि काकांचे हात चालायचे. काही महिन्यांनी हातही माझेच चालायला लागले. कार्बनच्या कांड्या बसवणं, जाळ स्थिर ठेवणं, तुटलेली फिल्म जोडणं, सगळं त्यांनी शिकवलं. एकदा म्हणाले, "पोरी, तू लायसन काढ. बाई ऑपरेटर कुठं बघितली नाही मी. पण तुझ्यासारखा हात पण नाही बघितला."

मॅनेजर रेगे आधी हसले. मग का कोण जाणे, तयार झाले. पण अट अशी की परीक्षक स्वतः येऊन चालू खेळात मला मशीन चालवताना बघणार. आणि मी त्यांच्या हाताखाली शिकले, असं पास्कलकाकांनी लिहून द्यायचं. म्हणजे बघा, ज्या माणसाच्या सहीवर माझं लायसन अवलंबून, त्यालाच दिसत नव्हतं. ते उघड झालं असतं तर त्यांचीही नोकरी गेली असती आणि माझं शिकणंही फुकट.

त्याच सुमारास नवा पडदा आला. जुना चौकोनी होता, कापडी, पिवळट पडलेला. आता सगळीकडे रुंद पडद्याचं वेड... आमच्या मालकांनीही मागवला. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, किंचित आत वळलेला, मोत्यासारखा पांढरा. जवळून पाहिलं तर सगळ्या अंगावर सुईच्या टोकाएवढी भोकं, मागच्या स्पीकरचा आवाज पुढे यावा म्हणून. तो बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चाचणी घेतली. फिल्म न लावता नुसता उजेड पडद्यावर टाकायचा आणि तो सगळीकडे सारखा पडतोय का ते बघायचं. दहा-साडेदहा वाजले असतील. हॉल रिकामा. झाडूवालीसुद्धा गेलेली.

मी झरोक्यातून बघून म्हटलं, "काका, डावा कोपरा जरा मंद आहे."

काका दुसऱ्या झरोक्याशी होते. म्हणाले, "त्या बाईला आधी बाजूला व्हायला सांग."

"कुठली बाई?"

"पडद्यासमोर उभी आहे ती. पाठ करून."

मी पाहिलं. कोणी नव्हतं. कोरा पांढरा पडदा आणि पुढे रिकाम्या खुर्च्या. तरी खाली जाऊन आले, पडद्याच्या मागे जाऊन आले. स्पीकर, धूळ, दोन फळ्या. वर आले तर काका म्हणाले, "तू तिच्या शेजारून गेलीस."

मी हसले. त्यांचे डोळे आजारी, आणि आजारी डोळ्यांपुढे काहीबाही येतं, डॉक्टरही तेच सांगतात. पण एक गोष्ट मला टोचत राहिली... ज्या माणसाला हिरॉइनचा आठ फुटी चेहरा दिसत नव्हता, त्याला ती बाई मात्र स्पष्ट दिसत होती. साडीचा काठ दिसत होता. म्हणाले, "उजव्या हाताला फडकं गुंडाळलंय तिनं. आपण गरम मशीनला गुंडाळतो ना, तसं."

रोज सकाळी आम्ही कोरा उजेड टाकायचो, आणि ते रोज सांगायचे. मी विचारत नव्हते, तरी सांगायचे. तिची पाठ नेहमी आमच्याकडेच. पण ती मागे सरकत होती... म्हणजे तोंड पडद्याकडे ठेवून रोज एकेक रांग मागे, आमच्या दिशेने. "आज चौथ्या रांगेत." "आज खांबाशी." मग एक दिवस, "आज वर आली गो. बाल्कनीत आहे."

पास्कलकाका दारू पीत नव्हते. थट्टेखोरही नव्हते. रविवारी चर्चला जाऊन आले की कॅबिनमध्येसुद्धा हळू बोलणारा माणूस. त्यांनी झरोक्याच्या वर एक छोटा क्रूस टांगला. मी चिडले.

"काका, असलं काही केलंत की लोक विचारतील. मग काय सांगणार? दिसत नाही, पण बाई दिसते?"

"मी कुणाला बोलत नाय, इंदू. तुलाच बोलतो."

"मलाही बोलू नका. माझी परीक्षा होऊ दे. मग काय ते बोला."

हे मी म्हटलं होतं. ह्याच शब्दांत. त्यांनी क्रूस काढून खिशात ठेवला.

बाहेर मुंबई पेटलेली होती. आज बंद, उद्या मोर्चा. लालबागच्या नाक्यावर घोषणा चालू झाल्या की आमच्या कॅबिनच्या पत्र्यालाही हादरा बसायचा. अश्रुधुराचा वास तर दोन दोन दिवस कपड्यांना यायचा. आबा रोज सभांना जायचे. थिएटर मध्ये आठवडाभर बंद राहिलं, मग उघडलं. आणि परीक्षकांनी नेमका बुधवार दिला... बायकांच्या खेळाचा.

आदल्या दिवशी सकाळी चाचणीच्या वेळी काका झरोक्याशी गेले आणि एकदम मागे झाले. पाठीमागच्या रिळांच्या डब्यांवर आदळले. मी धरलं.

"काय झालं?"

"वळली."

"कोण आहे?" माझ्याही नकळत मी विचारून बसले.

त्यांनी हात पुढे करून माझा खांदा चाचपला, मग दंड, मग मनगट. "तू इथंच आहेस ना?" म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मला तसं चार-पाच वेळा विचारलं. मी दोन पावलं दूर गेले की "इंदू? हायस ना?" मला वाटलं, नजर पुरती गेली.

बुधवारी मी लवकर गेले. मशीन पुसलं, कांड्या बसवल्या, जाळ पेटवून बघितला. घाईत दिव्याच्या पेटीचं तापलेलं झाकण उजव्या हाताने उघडलं आणि तळवा चांगलाच भाजला. "आई गं!" ओरडले. काका कोपऱ्यात बसले होते.

"कुठला हात?"

"उजवा. काही नाही, फडकं बांधते."

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. उठून माझ्यापुढे आले, हात जोडले. वडलांच्या वयाचा माणूस... माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, "आज खेळ लावू नको. मशीन बिघडलं म्हणून सांग. मी सांगतो रेगेंना. बायकांना घरी जाऊ दे."

"आणि परीक्षक?"

"परत येतील."

"नाही येणार, काका. बाईसाठी कोण दुसऱ्यांदा येतंय?"

मी फडकं बांधलं आणि पहिलं रीळ चढवलं. ते परत कोपऱ्यात जाऊन बसले.

परीक्षक आले. वयस्कर, चष्म्यातून बघणारे, फारसं न बोलणारे. स्टुलावर बसले. खेळ सुरू झाला. बाल्कनीत दोनशेच्या आसपास बायका असतील, पोरं वेगळी. माझ्या जागी दाराशी कुणी नव्हतं. रेगे म्हणाले होते, "एका दिवसाने काय होतंय? दार लोटून ठेव." तसं मी लोटून आले होते. कडी लावली नव्हती. हे मी शपथेवर सांगते.

पहिलं रीळ, दुसरं रीळ. परीक्षकांनी मान डोलावली. तिसऱ्याच्या मध्यावर पास्कलकाका उठले. खिळ्याला किल्ल्या टांगलेल्या असायच्या, त्यातली एक चाचपून काढली.

"कुठे?" मी हळूच विचारलं.

"खालचं गेट उघडून येतो. आज गडबड आहे म्हणून रेगेंनी कुलूप घातलंय. बायकांना निघायचं झालं तर..." मग थांबले. "ती दाराशी हाय, इंदू." आणि भिंतीला हात लावत बाहेर गेले.

परीक्षकांनी विचारलं, "काय म्हणाले ते?" मी म्हटलं, "पाणी प्यायला गेले."

कॅबिनचा झरोका केवढासा असतो, वीतभर. त्यातून पडदा आणि पुढच्या रांगांची डोकी दिसतात, बाजूचं दार दिसत नाही. आणि मशीनच्या घरघरीत बाहेरचं काही ऐकू येत नाही. चौथ्या रिळात मला पडद्यापुढे धुरकट काही दिसलं. वाटलं, जाळ हलतोय. मग नाकाला झोंबलं. अश्रुधूर! बाहेर सोडलेला, खिडक्यांतून आत येत होता. बायका उठायला लागल्या. डोकी, खांदे, कडेवरची पोरं... सगळ्या सावल्या एका बाजूला, दाराच्या बाजूला, ढकलल्या जात होत्या.

माझा हात मशीनवरून सुटला. परीक्षक स्टुलावरूनच म्हणाले, "रीळ संपत आलंय. मशीन सोडू नका."

मी जाऊ शकत होते. चार पावलांवर बाल्कनीचं ते दार होतं. डोअरकीपर मी होते. पण कोपऱ्यात पहिला ठिपका आला... आणि मी दुसरं मशीन चालू केलं. दुसरा ठिपका आला, उजेड फिरवला. पुन्हा झरोक्यातून पाहिलं तर बायका बसत होत्या. एकेक करत, रांगेने, जशा मी त्यांना बसवायचे तशा. मला हायसं वाटलं. म्हटलं, काकांनी समजावलं असेल.

खेळ संपला. परीक्षकांनी कॅबिनमध्येच कागद लिहिला, सही केली आणि पुढच्या जिन्याने निघून गेले. कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं, ते मी नंतर वाचून घेतलं. उमेदवाराने संपूर्ण खेळात एकदाही मशीन सोडलं नाही, म्हणून समाधानकारक.

मी बाल्कनीत आले तर बायकांनी मला घेरलं. कुणी गालावरून हात फिरवतेय, कुणी पोराला माझ्या पायावर घालतेय. काळाचौकीच्या एक सरूबाई होत्या, गिरणीत वायंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायला, रोखठोक बाई. त्या रडत होत्या. "इंदू, तू नसतीस तर आज आमची चटणी झाली असती गं!"

मला काही कळेना. रेगे पळत वर आले. सरूबाईंनी त्यांना सांगितलं, आणि मी ऐकत उभी राहिले. धूर आत आला. कुणीतरी 'आग' म्हणून ओरडलं. सगळ्या दाराकडे धावल्या. तर दाराला पाठ लावून इंदू उभी. आतून कडी घातलेली. पडद्याचा उजेड तोंडावर. म्हणाली, "बसून घ्या. अजून रिळं आहेत." आवाज चढवला नाही, काही नाही. आम्ही ढकललं, पण ती हलेना. मग कशा कोण जाणे, बसलो बाई.

"हिच्या हाताला फडकं होतं, ते मी धरून ओढलं," दुसरी एक म्हणाली. "भाजलंय का गं?"

रेगेंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आदराने पाहिलं. "तुम्ही दार धरून ठेवलंत?"

दोनशे बायका बघत होत्या. माझ्या मुठीत परीक्षकांचा कागद होता. मी म्हटलं, "हो."

का म्हटलं, ते आजही नीट सांगता येत नाही. हाव म्हणा. आणि... त्या सगळ्या इतक्या खात्रीने सांगत होत्या की क्षणभर मलाच वाटलं, असेनही मी.

मग रेगे दाराकडे गेले. कडी खरंच आतून घातलेली होती, घट्ट. ती काढली. दार बाहेर उघडायचं, पण उघडेना. दोघांनी जोर लावला तेव्हा फट पडली आणि आम्हाला पास्कलकाकांचा हात दिसला.

काय झालं होतं ते नंतर जुळवलं. काकांनी त्याच जिन्याने खाली जाऊन गेट उघडलं. किल्ली कुलपातच होती. त्याच वेळी नाक्यावरून धुराने आंधळी झालेली माणसं गल्लीत घुसली, उघडं गेट दिसलं म्हणून जिन्यावर चढली. काका त्यांच्या पुढे, वर, दाराशी. दार बंद. मागून लोंढा. बाकीच्यांना लागलं, खरचटलं, पण उठून गेले. काका उठले नाहीत.

सगळे म्हणाले, आतून बायका त्याच वेळी त्या जिन्यावर उतरल्या असत्या तर प्रेतं मोजता आली नसती. ते खरंच आहे. मी तो जिना रोज पाहिलेला आहे.

पण सरूबाईंनी आणखी एक सांगितलं. दोन दिवसांनी, आमच्या घरी येऊन, हळू आवाजात. "मागून कुणीतरी दार बडवत होतं इंदू. बराच वेळ. तुझं नाव घेऊन हाका मारत होतं. आणि तू... नुसती आमच्याकडे बघत होतीस."

मला लायसन मिळालं. नुसत्या लायसनवर मला कुणी कॅबिनमध्ये ठेवलं असतं असं वाटत नाही. पण 'दार धरून ठेवणारी बाई' म्हणून मालक स्वतः येऊन भेटले, सत्कार केला, काकांची जागा मला दिली. पुढे तीस वर्षं मी मशीन चालवलं. माझं बघून दोन मुली ह्या लाइनीत आल्या, त्यांना मी शिकवलं. हे सगळं त्या एका 'हो'वर उभं आहे.

महिन्याने मी गिरगावात गेले, रोझीकाकींना भेटायला. काकांच्या पत्नी. काळे कपडे घालून पायरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून निवडायच्या थांबल्या नाहीत.

"दार तू लावलंस म्हणतात," त्या म्हणाल्या.

तिथे मला खोटं बोलवलं नाही. परीक्षकांचा कागद बरोबर नेला होता, तो उघडून दाखवला. म्हटलं, "काकी, मी कॅबिनमधून हललेच नाही. हे बघा, लिहिलंय. ती मी नव्हते."

त्यांनी कागद हातात घेतला नाही. "कागद खरा असेल गो. पण एवढ्या बायका खोट्या?" मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आदल्या रात्री जेवला नाही तो. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाला, पडद्यापुढं जी बाई उभी राहते ना, तिनं आज तोंड दाखवलं. आमची इंदू आहे ती. मी म्हटलं, मग घाबरतोस कशाला, इंदू तर आपलीच पोर. तर म्हणाला... इंदू माझ्या बाजूला उभी होती रोझी. मी हात लावून बघितला."

मी कागदाची घडी घातली.

"मग ती कोण होती?" काकींनी विचारलं. आता त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या. "तू नव्हतीस तर माझ्या नवऱ्यानं कुणाला हाका मारल्या?"

त्या तांदळाचं सूप घेऊन आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्यानंतर आम्ही बोललो नाही. काही वर्षांनी त्याही गेल्या.

माझी नात विज्ञान शिकलेली आहे. ती म्हणते, आजी, मास हिस्टीरिया. धूर, अंधार, घाबरलेल्या बायका... दाराशी दुसरीच कुणी असेल, आणि दाराशी नेहमी तू असायचीस म्हणून सगळ्यांना तूच दिसलीस. असेल. मीही वर्षानुवर्षं स्वतःला हेच समजावलंय. मग ती दुसरी कोण, ती पुढे का आली नाही, हे विचारलं की नात म्हणते, ते आता कसं कळणार. आणि काकांनी ते सगळं आधीच पाहिलं होतं, त्याचं काय, तर म्हणते, योगायोग.

ती वाचवायला आली होती की न्यायला, तेही मला ठरवता आलं नाही. दोनशे बायका घरी गेल्या, हे तिचंच काम. एक माणूस दाराबाहेर राहिला, हेही तिचंच.

तीस वर्षं मी रोज सकाळी पडद्यावर कोरा उजेड टाकला. रोज झरोक्यातून बघितलं. मला कधीही काही दिसलं नाही. आबा म्हणायचे तसंच... जे दिसत नाही त्याला मी भीत नाही. पण तो आंधळा माणूस दार बडवत माझं नाव घेत होता, आणि आतून माझ्याच तोंडाचं कुणीतरी ते ऐकत उभं होतं. मी तेव्हा चार पावलांवर होते, आणि मला काहीच ऐकू आलं नाही.